मोमिनाबाद ते मेइक्टिला: 1/35 शर्मनच्या नोंदी

11 जानेवारी 2025

पार्सल आलं एकदाचं. बॉक्सचा एक कोपरा चेपलाय पण आतले स्प्रू, म्हणजे सुटे भाग लागलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, शाबूत आहेत, सगळे मोजून घेतले. एम4 शर्मन रणगाडा, खऱ्याच्या 1/35 आकाराचा, जपानी मॉडेल किट. पुण्याच्या एकानं उघडून तसाच ठेवून दिलेला, त्याच्याकडून सेकंडहँड घेतला म्हणून परवडला. दुकानात सध्या टाइमच टाइम आहे. आपला धंदा रेडियम कटिंगचा, पण 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना पण हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावायची म्हणल्यापासून नंबर कापायला कोण येत नाही, आता फक्त काचेवरची नावं आणि देवाचे फोटो. म्हणून काउंटरच्या मागं टेबल टाकलंय, टेबललँप, कटर, चिमटा, बास. आईनं विचारलं काय करायलास, म्हणलं टँक करायलोय, तर म्हणती गच्चीवरची आहे की, दुसरी कामून? शेवटी रणगाडा म्हणल्यावर शांत झाली.

14 जानेवारी

तिळगूळ खाऊन बसलोय, काम काही केलं नाही, पण हाच टँक का ते लिहून ठेवतो. जर्मनांचे टायगर न् पँथर सगळेच बनवतात. मला आपल्या गावचा पाहिजे होता. आता अंबाजोगाईचा टँक म्हणल्यावर लोक हसतील, पण ऐका. निजामाच्या काळात आपल्या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती, जशी हिंगोलीला, जालन्याला, औरंगाबादला होती तशीच. 1903 मध्ये कंटिन्जंट मोडून सगळी फौज ब्रिटिश इंडियन आर्मीत घातली आणि त्यातल्याच घोडदळातून डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट आली. 1916 मध्ये फ्रान्समधी सोमच्या लढाईत हाय वूडपाशी या लोकांनी घोड्यावरून भाले घेऊन चार्ज केलेला, समोर मशीनगन असताना. दुसऱ्या महायुद्धात घोडे गेले आणि टँक आले. 1945 ला बर्मात जपान्यांकडून मेइक्टिला शहर घेतलं तेव्हा 255व्या इंडियन टँक ब्रिगेडमधी प्रोबिन्स हॉर्स आणि 9वी रॉयल डेक्कन हॉर्स, दोघांकडं शर्मन. आणि गंमत म्हणजे 1965 ला पंजाबात असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभं राहताना पण डेक्कन हॉर्सकडं शर्मनच होते, वीस वर्षांनी! म्हणजे ज्या रेजिमेंटचं मूळ आपल्या इथल्या घोड्यांच्या पागेत आहे तिचा टँक मी त्याच गावात बसून बनवणार. एवढंच कारण.

19 जानेवारी

च्यायला. चुकीचा टँक घेतलाय.

रात्री फोटो बघत बसलो होतो, बर्मातले शर्मन एम4ए4 आहेत, ब्रिटिश त्याला शर्मन फाइव्ह म्हणायचे. माझ्याकडं साधा एम4. मला वाटलं इंजिन तेवढं वेगळं असेल, बाहेरून काय फरक पडतोय. पडतोय. साध्या एम4 ला मागं गोल रेडियल इंजिन, विमानाचं. ए4 ला क्रायसलरनं पाच कारची इंजिनं एकाला एक जोडून एकच इंजिन केलं, प्रत्येकी सहा सिलेंडर म्हणजे एकूण तीस, आणि ते मावेना म्हणून हल, म्हणजे टँकचं धडच, 11 इंच लांब केली. हल लांब म्हणून मधली बोगी (दोन चाकांची जोडी) आणि पुढची-मागची बोगी यांच्यातलं अंतर पण वाढलं. पट्टा जमिनीला टेकतो ती लांबी साध्या शर्मनची 147 इंच, ए4 ची 160. पट्ट्याच्या कड्या 79 च्या जागी 83. शिवाय इंजिन डेकवर फॅनसाठी एक टेंगूळ. एकदा हे दिसलं की बोग्यांमधली ती फट दुसरं काही बघूच देत नाही.

दोन रस्ते आहेत. एक, ए4 चा नवीन किट घ्यायचा, त्या पैशात पोराच्या ट्यूशनची दोन महिन्याची फी होते. दुसरा, हा कापायचा.

गणित मांडलं: 11 इंच म्हणजे 28 सेंमी, भागिले 35, आठ एमएम. बोग्यांचं: 13 इंच वाढ, दोन फटीत वाटली तर साडेसहा-साडेसहा, म्हणजे स्केलमधी प्रत्येकी 4.7 एमएम. आपण दिवसभर नंबरप्लेटवर एमएमच्या हिशोबातच जगतो, त्यामुळं आकड्याची भीती नाही. करवत चालवायची भीती आहे.

2 फेब्रुवारी

कापला.

वरची हल बुरुजाच्या (तोफेचा फिरणारा भाग) रिंगमागं आडवी, खालची हल बोग्यांच्या मधी दोन ठिकाणी. बारीक दातांची करवत, मास्किंग टेपची लाइन, आणि अर्धा तास श्वास रोखून. लहान लेक बघत होती, म्हणली पप्पा नवीन होता ना तो?

मधे भरायला दुकानातला सनबोर्ड घेतला, साइनबोर्डचा, थ्री एमएमचा ढीग पडलाय. मॉडेलचं पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचं द्रावण) लावलं, दाबून धरलं, सकाळी उचलला तर तीन तुकडे हातात. आता आठवलं म्हणजे काय डोकं आहे बघा, किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरिन आणि सनबोर्ड पीव्हीसी. हे सिमेंट चिकटवतच नाही, ते दोन्हीकडचं प्लास्टिक वितळवून एक करतं, पीव्हीसीवर त्याचा काही असर नाही. फेवीक्विकनं धरलं असतं पण घासताना जोड वेगळा उठून दिसतो, कडक होऊन बसतो. दहा वर्षं बोर्ड बनवतोय आणि मटेरियलमधी फसलो.

9 फेब्रुवारी

पॉलिस्टायरिनची शीट मागवली, एक एमएम आणि अर्धा एमएम. आठ एमएमसाठी एकावर एक थर, वाळू दिले दोन दिवस. आतून पण पट्टी मारली, नाही तर पाठीचा कणा मोडल्यासारखा मधेच वाकतोय. वरून पुट्टी, घासणं, परत पुट्टी, परत घासणं, 400 नंतर 800 चा पेपर. जोड बोटाला लागत नाही आता. डोळ्याला अजून लागतोय.

इंजिन डेकचं टेंगूळ एम-सीलमधून काढलं आणि वाळल्यावर फाइलनं आकार दिला.

समोरच्या गॅरेजचे मामू चहाला आलेले, त्यांना तीस सिलेंडरचं सांगितलं. मामू पाच मिनिट बोलले नाहीत. मग म्हणले, "भाई, इसका टायमिंग कौन मिलाता होगा?" अमेरिकन आर्मीला पण तेच वाटलं असावं, कारण असे 7499 बनवले आणि बहुतेक सगळे इंग्रजांना देऊन टाकले. तसेच आपल्याकडं आले.

23 फेब्रुवारी

नगरला जाऊन आलो, आता अहिल्यानगर म्हणायचं. पहाटेची एसटी, बीडवरून. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम दहा वर्षांपासून बघायचं राहिलेलं. झाडाखाली एकाशेजारी एक उभे आहेत, इंग्रजांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, आणि जपान्यांचा चि-हा. चि-हा बघून जरा हललो. एवढासा आहे. बाजूचं चिलखत रिव्हेटनं बसवलेलं, डब्याला पत्रा ठोकल्यासारखं. असल्याला घेऊन शर्मनसमोर जायचं म्हणजे काय हे पुस्तकात कळत नाही, तिथं उभं राहिलं की कळतं. म्हणूनच मेइक्टिलात जपानी शिपाई रस्त्यात खड्डा करून आत बसायचे, विमानाचा अडीचशे किलोचा बॉम्ब मांडीत, हातात दगड, टँक डोक्यावर आला की दगड फ्यूजवर हाणायचा. आपल्या पायदळानं पुढं जाऊन एकेकाला आधीच टिपलं म्हणून टँक वाचले.

कामाची गोष्ट एवढी मिळाली की माटिल्डाचा बुरुज ओतीव पोलादाचा आहे आणि त्याचा पृष्ठभाग ढोबळा, संत्र्याच्या सालीसारखा. शर्मनचा बुरुज पण ओतीवच. घरी येऊन किटच्या गुळगुळीत बुरुजावर पातळ सिमेंट लावलं, मऊ झालं की जुन्या टूथब्रशनं टोचत गेलो. झकास. पण हलला हात लावायचा नाही, ए4 ची हल वेल्डिंगची, तिथं प्लेट सपाट पाहिजे.

9 मार्च

पट्टे. 83 दुणे 166 कड्या, प्रत्येक वेगळी, प्रत्येकीचे गेटचे (स्प्रूपासून तोडल्याचे) डाग घासायचे. किटमधले रबरी पट्टे चार कड्यांनी आखूड पडतात म्हणून हे वेगळे घेतले, खऱ्या स्टीलच्या पट्ट्यांची नक्कल, व्ही आकाराच्या उंचवट्याचे. रोज संध्याकाळी लाइट जाते तेव्हा इमर्जन्सी लँपखाली वीस-वीस करतोय. रोजे चालू आहेत, इफ्तारनंतर मामूंचा धाकटा येऊन बसतो आणि मोजून देतो, त्याच्या हिशोबानं 165 भरल्या. एक फरशीवर सापडली, चपलेखाली.

23 मार्च

रंग. बेसला टामियाचा एक्सएफ-62 ऑलिव्ह ड्रॅब, शर्मन अमेरिकेतून याच रंगात रंगवून यायचे. एअरब्रश 0.3 चा, प्रेशर 18 पीएसआयच्या आसपास. पहिल्यांदा दुपारी मारला आणि सगळं खरखरीत, पॉलिश पेपरसारखं. बाहेर चाळिशीला टेकलेलं ऊन, वर पत्रा, रंग नोजलमधून निघून मॉडेलवर पोचायच्या आतच वाळतोय, खाली नुसती पावडर बसतेय. घासून काढला. आता पहाटे पाचला उठून मारतो, थिनर थोडा जास्त, दोन थेंब रिटार्डर, म्हणजे रंग हळू वाळतो. पाचला उठतो म्हणून आईला वाटलं पोरगा सुधारला.

वरच्या भागावर त्याच रंगात थोडा बफ (फिकट पिवळट) मिसळून फिकट कोट दिला. नुसता डबीतला हिरवा एवढ्या लहान वस्तूवर काळाकुट्ट दिसतो.

30 मार्च

पाडवा. नवीन गाड्या, नावं, स्वस्तिक, सकाळपासून रांग. टँक पोत्याखाली झाकलाय. उद्या ईद, मामूकडं जायचंय.

6 एप्रिल

तारे मारले. पांढरे, विमानानं वरून आपलाच टँक समजून घ्यावा म्हणून मोठे. 20 इंची तारा धरला, स्केलमधी साडेचौदा एमएम. लोक वॉटर स्लाइड डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचे स्टिकर, लावतात, मला काय गरज, प्लॉटरवर रेडियमचंच मास्क कापलं. एकच काळजी घ्यायची, रेडियमचा गोंद भयंकर, थेट लावलं तर सोलताना रंग घेऊन येतो. आधी दहा वेळा जीन्सवर चिकटवून काढायचं, मग लावायचं. कडा बघा, ब्लेडनं कापल्यासारख्या आल्यात. या नोंदवहीत मी स्वतःची तारीफ फार करत नाही पण तारा एक नंबर.

8 एप्रिल

तारा गेला.

चूक माझीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही. कॅमलच्या ऑइल कलरमधी बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमधी पातळ करून वॉश देत होतो, रिव्हेट आणि झाकणांच्या कडेनं उतरवायचा, म्हणजे खाचा उठून दिसतात. टर्पेंटाइन संपलं, शेल्फवरची दुसरी बाटली घेतली, रात्रीचे साडेअकरा, लेबल बघितलं नाही. ती एनसी थिनरची होती, रंग विरघळवणाऱ्या जहाल थिनरची. बोर्ड पुसायची. डाव्या बाजूला तारा, त्याखालचा हिरवा, आणि त्याखालचं प्लास्टिक पण मऊ पडलं, बोटाचा ठसा उमटलाय. माझ्या अंगठ्याचा, रेषांसकट.

लाइट बंद केली आणि झोपलो.

20 एप्रिल

बारा दिवस हात लावला नाही. मग विचार केला, की युद्धातल्या फोटोत अर्ध्या टँकची बाजू दिसतच नाही, सामान एवढं लटकवलेलं असतं. ताडपत्री, बिछाने, बादल्या, कॅमोफ्लाज जाळी, चार माणसांचा... चुकलो, शर्मनमधी पाच, तर पाच माणसांचा संसार बाहेरच. टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमधी भिजवून ताडपत्रीची गुंडाळी केली, दोरी म्हणून रिळाचा दोरा, आणि अंगठ्याच्या ठशावर बरोब्बर ठेवून दिली. शेजारी पाण्याचे दोन डबे. डावा तारा परत नाही मारला, ताडपत्रीच्या वरून त्याची दोन टोकं डोकावतील एवढाच मास्क कापून मारला. कुणाला सांगितलं नाही तर हे ठरवून केल्यासारखं दिसतंय. लिहून ठेवलं म्हणजे सांगितलंच की.

27 एप्रिल

आता मुख्य काम, धूळ.

बर्मा म्हणलं की सगळे काय करतात, हिरवं जंगल, वेली, चिखल. कोहिमाकडचा टँक असेल तर ठीक. मेइक्टिला तसं नाही. मधल्या बर्माचा तो कोरडा पट्टा, पश्चिमेला आराकान योमा डोंगर ढग अडवून धरतो आणि पलीकडं नुसती ताडाची झाडं, काटेरी झुडपं आणि उघडा माळ. आपल्याला सह्याद्री जसा कोरडं ठेवतो तसंच. त्यात महिना कोणता, फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचा पहिला आठवडा. इरावती ओलांडून न्याऊंगूपासून मेइक्टिलापर्यंत साधारण 130 किलोमीटर ही ब्रिगेड आणि 17वी डिव्हिजन धूळ उडवत गेली. ब्रिटिश सेनापती स्लिमनं सगळा डाव त्याच्यावरच लावलेला, मोकळं मैदान आहे, टँक पळवता येतील. म्हणजे तो टँक जंगलातला नाहीच. मार्चमधी केज रोडवरून खडीच्या टिपरमागं मोटारसायकल चालवली असेल त्याला सांगायला नको काय रंग असतो.

म्हणून विकतची पिगमेंट पावडर घेतली नाही. बायपासच्या कडेला उकरलेला मुरूम पिशवीत आणला, वाळवला, खलबत्त्यात कुटला, पिठाच्या चाळणीनं चाळला. (चाळणी नवीन घेऊन दिली, विषय संपलाय.) तरी कण मोठेच, 1/35 मधी तो कण म्हणजे लिंबाएवढा दगड. शेवटी आजी औषधाला करायची तसा वस्त्रगाळ केला, जुन्या सुती धोतरातून. जे खाली पडलं ते पावडरपेक्षा मऊ. त्यात थोडा पांढरा खडू, कारण मुरूम जरा जास्तच तांबूस.

टर्पेंटाइनमधी, लेबल तीनदा वाचून, कालवलं आणि बोग्या, पट्ट्यावरचं गार्ड, खालची हल इथं सोडलं. वर जाताना कमी. झाकणांपाशी जिथं माणसाचा हात-पाय लागतो तिथं ब्रशनं पुसून हिरवा परत काढला. ओलं असताना काहीच दिसत नाही आणि वाळलं की एकदम भडक होतं, त्यामुळं दर वेळी अर्धा तास थांबायचं, अंदाज येत नाही. तिसऱ्या थराला थांबलो. चौथा द्यायची लई इच्छा होती.

4 मे

शेजारचे आबा आले होते बघायला. मूळचे नळदुर्गकडचे, आता लेकीकडं असतात. 1948 ला पोलीस ॲक्शन झाली तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. 13 सप्टेंबरला सोलापूरवरून फौज निघाली ती पहिल्याच दिवशी नळदुर्गात, जनरल चौधरींचे रणगाडे हैदराबादच्या रस्त्यानं, त्यातही शर्मन होतेच. मी हे सगळं वाचलेलं पण आबांनी ते बघितलंय हे मला माहितीच नव्हतं, आठ वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो.

आबांनी टँक हातात घेतला नाही, टेबलापाशी वाकून बघितला, दोन्ही बाजूनं. मग म्हणले, "ह्याला धूळ कामून लावली?"

मी बर्मा, डोंगर, कोरडा पट्टा, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं.

"बर्माचं मला काय म्हाईत न्हाई बाबा, तुझं बरोबर असंल. आमी बघितले ते बोरीच्या पुलाकडून आले. भादवा होता. भादव्यात कुठली धूळ रं? नुसता चिखल. पट्ट्याला चिखल, चाकाला चिखल, वर बसलेला शिपाई पण कमरेपर्यंत चिखलात. रंग कोणता हुता म्हणशील तर मला आज पण सांगता येणार न्हाई."

आवाज केवढा होता विचारलं. म्हणले, आवाज आधी पायाला कळला, मग कानाला. आई आत ओढत होती आणि ते परत परत बाहेर पळत होते.

जाताना विचारलं, आत माणसं कुठं आहेत? म्हणलं आबा, झाकणं बंद केलीत. "मग एक तरी उघड की. उन्हाळ्यात मरतेल."

11 मे

कमांडरचं झाकण उघडं केलं. चिकटवलेलं होतं, ब्लेडनं हळूच, थोडा रंग उडाला तो टच केला. आत कुणी नाही, 1/35 ची माणसं मला अजून रंगवता येत नाहीत, डोळे केले की सगळे घाबरल्यासारखे दिसतात. पगडी घातलेल्या माणसाच्या मुंडक्यांचा सेट मागवायचा विचार आहे, बघू.

वरून मॅट वार्निशचा एकच हलका कोट, जास्त मारला तर धूळ गायब होते. काउंटरवर काचेच्या डब्यात ठेवलाय. सकाळपासून तिघांनी किंमत विचारली आणि एकानं ह्याला हाय सिक्युरिटी प्लेट लागते का म्हणून.

आबांच्या जावयाच्या रानातली काळी माती एक डबाभर आणून ठेवलीय. कोरडी चाळून बघितली, नुसती राख होते. जूनमधी पाऊस पडला की ओलीच घेऊन बघायची, पट्ट्याला कशी धरते ते.